द्राक्षवेल नाही म्हणाली तेव्हा

निवडणूक लागली की आमच्या समाजात दोन प्रश्न ठरलेले. पहिला, "आपल्यातलं कोणी उभं आहे का?" त्याचं उत्तर बहुतेक वेळा नाही असंच येतं, मग दुसरा, "बरं, आपलं काम कोण करून देईल?" शरणपूर असो, नाशिकरोड असो की देवळाली कॅम्प, रविवारची उपासना सुटल्यावर माणसं आवारात रेंगाळतात तेव्हा पाळकसाहेबांच्या उपदेशापेक्षा या दोन प्रश्नांवर जास्त बोलणं होतं. मीही बोलते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसं दहा लाख ऐंशी हजारांच्या घरात होती, म्हणजे शंभरात जेमतेम एक. एवढ्याशा समाजाने आपला माणूस शोधला तर त्यात वावगं काय, असं कोणी विचारलं तर मला ते पटकन खोडून काढता येत नाही.

पण बायबलमधल्या शास्ते या पुस्तकाचा नववा अध्याय वाचला की माझी पंचाईत होते.

संडे स्कूलमध्ये आम्हाला इस्राएलाचा लढवय्या पुढारी गिदोन भरपूर शिकवला. त्याची लोकर, त्याचे तीनशे लोक, मडकी फोडून उजेडात आणलेल्या मशाली. त्याच्या मुलाची गोष्ट मात्र कोणी सांगितली नाही, आणि का सांगितली नाही हे आता समजतं. अबीमलेख हा गिदोनाचा शखेमातल्या उपपत्नीपासून झालेला मुलगा. बाप गेल्यावर त्याला राज्य हवं होतं. तो थेट आजोळी गेला आणि मामांना म्हणाला, गावात जरा बोलून बघा, गिदोनाच्या सत्तर मुलांनी राज्य करणं बरं की एकाने? आणि मी तुमच्याच हाडामांसाचा आहे हेही लक्षात असू द्या. मामांनी प्रचार केला. शखेमच्या लोकांचं मन वळलं, आणि ते का वळलं याचं कारण वचनात स्पष्ट आहे : तो आपला भाऊ आहे. तो शहाणा आहे की नाही, न्यायी आहे की नाही, याची चौकशी झाल्याचा उल्लेख नाही. मग त्यांनी बआलबरीथ या त्यांच्या देवाच्या देवळातून सत्तर रुपये काढून दिले. त्या पैशांवर अबीमलेखाने रिकामटेकडी, उडाणटप्पू पोरं भाड्याने घेतली आणि आपल्या सत्तर भावांना एका धोंड्यावर कापलं. सत्तर रुपये, सत्तर भाऊ. देवस्थानच्या पेटीतला पैसा, भाड्याची पोरं आणि "आपला माणूस", तिन्ही गोष्टी एका अध्यायात. तीन हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट वाचताना मला आपल्याकडचे दुचाकींचे ताफे दिसतात, त्याला मी काय करू?

सर्वांत धाकटा भाऊ योथाम लपून राहिला म्हणून वाचला. त्याने गरिज्जीम डोंगराच्या माथ्यावर उभं राहून शखेमच्या लोकांना ओरडून एक गोष्ट सांगितली. झाडांना राजा हवा होता. ती जैतुनाकडे गेली. जैतून म्हणालं, माझं तेल सोडून झाडांवर डोलायला कशाला येऊ? अंजीर म्हणालं, माझा गोडवा कोण देईल? द्राक्षवेल म्हणाली, माझा रस टाकून मी हे कशाला करू? शेवटी सगळी काटेरी झुडपाकडे गेली. झुडूप लगेच तयार. म्हणालं, खरंच मला राजा करत असाल तर या, माझ्या सावलीत विसावा घ्या, नाहीतर माझ्यातून आग निघेल आणि लबानोनाचे गंधसरू जाळून टाकील. आमिष आणि धमकी एकाच दमात. आणि काटेरी झुडपाला सावली असते कुठे, हे त्या एवढ्या झाडांपैकी कुणी विचारल्याचं लिहिलेलं नाही.

नाशिक जिल्ह्यात राहून द्राक्षवेलीचं उत्तर नुसतं वाचून पुढे जाता येत नाही. निफाडकडे आमच्या नात्यातली बाग आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, मग डिपिंग, विरळणी, आणि घडात साखर भरायच्या वेळी नेमकी आभाळाकडे डोळे लावून बसायची वेळ. त्या घरातले भाऊ अतिशय सरळ माणूस. गावच्या सोसायटीचा हिशेब त्यांच्या हातात होता तोवर त्यात एका पैचा घोळ नव्हता. लोकांनी त्यांना सरपंचपदाला उभं राहा म्हणून गळ घातली. ते म्हणाले, "ताई, मी बागेत असतो तेव्हा कुणाचं काही लागत नाही. तिकडे गेलो की बागही जाईल आणि नावही." मी त्यांना काही बोलू शकले नाही. द्राक्षं खरीच आहेत ना, त्यांचा रस खराच गोड आहे. ज्याच्या हाताला उपयोगी काम आहे त्याने ते सोडून प्रत्येक वेळी मंचावर यावं असं मला वाटत नाही.

माझा राग वेगळा आहे. नाही म्हणण्यापर्यंत ठीक. पण नाही म्हटल्यावर झुडपाचा राज्याभिषेक होत असताना वेल काय करत होती? आमच्या समाजात शिक्षक आहेत, नर्सेस आहेत, बँकेतून आणि प्रेसमधून निवृत्त झालेली नेकीची माणसं आहेत. त्यांच्या तोंडी एक वाक्य कायम असतं, "राजकारण घाण आहे, आपण ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्या माणसांनी त्यापासून लांब राहावं." हे ऐकायला पवित्र वाटतं. पण मतदानाच्या दिवशी सुट्टी म्हणून हीच मंडळी इगतपुरीला फिरायला जातात, तेव्हा त्या पावित्र्याबद्दल मला शंका येते. आणि योथामाचंही तसंच. एवढं खणखणीत बोलला आणि पळून बएर गावी जाऊन राहिला, परत आला नाही. रात्री अकरा वाजता कुटुंबाच्या ग्रुपवर जळजळीत मेसेज टाकून झोपी जाणारे आमचे काही बंधू मला त्याच्याच घराण्यातले वाटतात.

"आपला माणूस" हा हट्ट आपल्या आधीच्या पिढीने कसा सोडला, हे आमच्या तरुण संघातल्या मुलांना सांगितलं तर ती चकित होतात. ब्रिटिश सरकारच्या १९३२ च्या जातीय निवाड्यात भारतीय ख्रिस्ती समाजाला स्वतंत्र मतदारसंघ मिळाले होते आणि १९३५ च्या कायद्यात ते आले. ख्रिस्ती उमेदवार, ख्रिस्ती मतदार, बाहेरच्याचा संबंध नाही. त्याआधी गोलमेज परिषदेत के. टी. पॉल आणि एस. के. दत्त या ख्रिस्ती पुढाऱ्यांनीच अशा वेगळ्या चुलीला विरोध केला होता. पुढे संविधान सभेच्या सल्लागार समितीने १९४७ मध्ये संयुक्त मतदारसंघ आणि अल्पसंख्याकांना काही राखीव जागा असा मधला मार्ग काढला. मे १९४९ मध्ये त्या राखीव जागाही सोडाव्यात असा ठराव समितीत मांडला तो हरेंद्रकुमार मुखर्जी यांनी. ते बंगाली ख्रिस्ती, संविधान सभेचे उपाध्यक्ष. मद्रासचे जेझुइट फादर जेरोम डिसूझाही त्याच मताचे होते. हातात असलेली जागा कोणी सुखासुखी सोडतं का? सोडली, कारण हिंदू, मुसलमान, शीख, पारशी शेजाऱ्याच्या मतावर आपण निवडून येऊ शकतो आणि त्याच्या मतावर आपलं हितही सांभाळलं जाईल, असा भरवसा त्यांनी धरला. हा भरवसा दर वेळी खरा ठरला असं मी म्हणणार नाही. दलित ख्रिस्ती माणसाला विचारा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती आधी फक्त हिंदूंना ठेवल्या, १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यांत घेतलं, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. हा प्रश्न उमेदवाराला विचारायलाच हवा, आणि तो विचारायला उमेदवार ख्रिस्ती असण्याची गरज नाही.

शरणपूरच्या माणसाने तर रक्ताच्या नात्याचं कौतुक जरा बेतानेच करावं. १८५० च्या दशकात मिशनने ही वस्ती वसवली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईमार्गे इथे आली. त्यांना इथे सुतारकी, लोहारकी आणि लिहायला-वाचायला शिकवलं गेलं. त्यांतलेच काही पुढे आफ्रिकेत फिरणारा मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या शेवटच्या सफरीत होते. लिव्हिंग्स्टनचा देह आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट होता, आणि एप्रिल १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत तो दफनविधीला हजर होता. ज्या गल्लीत अशी पोरं वाढली, तिथे कोण आपलं हे आडनाव आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरून ठरवायचं म्हणजे कमाल आहे.

मग कोणत्या मापाने मोजायचं? मला बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायातलं माप आवडतं. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवत बसलेला असतो, तेव्हा त्याचा सासरा इथ्रो त्याला सांगतो की असं केलंस तर तू झिजशील, माणसं नेम. कशी माणसं? कर्तबगार, देवाचं भय धरणारी, सत्यप्रिय आणि लाचेचा तिटकारा असणारी. माप देणारा इथ्रो स्वतः मिद्यानी याजक, इस्राएलाच्या बाहेरचा. पुढारी कसा असावा हे सांगायला देवाने बाहेरचा माणूस निवडला, आणि मोशेने ते निमूट ऐकलं. आमच्याकडे एखाद्या बाहेरच्याने असं सांगितलं असतं तर चर्चच्या पंचकमिटीने आधी तो सभासद आहे का ते तपासलं असतं.

चारांपैकी "देवाचं भय" यावर आमची गाडी अडते. काहींना वाटतं, याचा अर्थ ख्रिस्ती. मला वाटतं, ज्याला आपल्या वरती कोणीतरी हिशेब मागणारा आहे असं वाटतं, तो माणूस. ते त्याच्या गळ्यातल्या क्रूसावरून कळत नाही आणि नाताळात गव्हाणीपुढे उभं राहून काढलेल्या फोटोवरूनही नाही. डिसेंबरात आमच्या आवाराबाहेर शुभेच्छांचे फ्लेक्स लागतात, एकावर सांताक्लॉज, एकावर येशू, आणि दोघांपेक्षा मोठा इच्छुक उमेदवार. ज्याच्याकडून मतही मिळणार नाही आणि देणगीही, त्याच्याशी तो कसा वागतो ते बघावं. हॉकर्सशी, बिगारी नाक्यावरच्या मजुरांशी, पेठ-सुरगाण्याहून कामाला आलेल्या आदिवासी कुटुंबांशी. कर्तबगारी आणि लाच यांचा अंदाज घ्यायला निदान आता कागद तरी आहे. २००३ पासून उमेदवाराला शपथपत्रात गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण लिहून द्यावं लागतं आणि ते कुणालाही वाचता येतं. आमच्या महिला मंडळात एका संध्याकाळी आम्ही मोबाइलवर ही शपथपत्रं वाचली. प्रभागातल्या ज्या सद्गृहस्थांना आम्ही "साधे" म्हणायचो त्यांच्या जमिनींची यादी दोन पानांत संपेना. एक काकू म्हणाल्या, "अगंबाई, हा तर आपल्याकडे रिक्षाने येतो!"

महापालिकेच्या मतदानात तर याची जास्तच गरज. २०१७ मध्ये नाशिकला १२२ नगरसेवक निवडायचे होते आणि बहुतेक प्रभाग चार जणांचे होते. म्हणजे एका मतदाराला चार बटणं. लोकांना एक नाव माहीत असतं, ते दाबतात, आणि उरलेली तीन त्याच चिन्हावर डोळे मिटून. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका आजोबांनी मला प्रामाणिकपणे सांगितलं की चौथं बटण दाबलं नाही तोवर मशीन शिट्टी वाजवत नाही म्हणून त्यांनी हाताला येईल ते दाबलं. "यांपैकी कोणीही नाही" असं सांगणारं नोटाचं बटणही असतं, २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ते आलं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आता वेदीवरून नाव जाहीर करण्याबद्दल. दर निवडणुकीला कोणी ना कोणी पाळकसाहेबांच्या कानाला लागतो, "साहेब, एक शब्द टाका, समाज तुमचं ऐकतो." ऐकतो, म्हणूनच टाकू नये. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या १२३ व्या कलमात धर्माच्या नावाने मत मागणं हा भ्रष्ट मार्ग मानलाय. अमुकाला मत दिलं नाही तर देवाचा कोप होईल असं मतदाराच्या मनात भरवणं हाही त्याच कलमात गैरवाजवी दबाव ठरतो. मुंबईच्या सांताक्रूझ मतदारसंघातल्या १९९० च्या निवडणुकीवरून सुरू झालेलं प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांपुढे गेलं, आणि २ जानेवारी २०१७ ला चार विरुद्ध तीन अशा निकालाने ठरलं की उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्म काढूनही मत मागता येणार नाही. कायदा नसता तरी माझं मत हेच राहिलं असतं. प्रभुभोजनाला एका रांगेत उभी राहणारी माणसं चार पक्षांची असतात. ती रांग मोडायची किंमत कुठल्याही उमेदवाराची नाही. पाळकांनी इथ्रोचं माप शिकवावं, मोजमाप आमच्यावर सोडावं.

पाकिटांबद्दल थोडक्यात. घेणाऱ्याचाही तो गुन्हा आहे, देणाऱ्याइतकाच. "पैसे घ्या, मत हवं त्याला द्या" हे चातुर्य मी भल्याभल्यांच्या तोंडून ऐकलंय. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात लाच शहाण्याचे डोळे आंधळे करते असं लिहिलंय. शहाण्याचे, मूर्खाचे नाही.

एवढं करून निवडून आलेल्या माणसाला पाठिंबा द्यायचा म्हणजे काय, हा प्रश्न मला मतापेक्षाही अवघड वाटतो. रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय आमच्याकडे पटकन पुढे केला जातो : अधिकारी देवाने नेमलेले, म्हणून गप्प बसा. पण ते लिहिणारा प्रेषित पौल स्वतः गप्प बसला नव्हता. फिलिप्पै शहरात चौकशी न करता फटके मारून तुरुंगात टाकल्यावर अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडून द्यायचं ठरवलं, तेव्हा तो म्हणाला, आम्ही रोमी नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. आणि ते आले! अधिकाराचा मान आणि अधिकाऱ्याला जाब, दोन्ही एकाच माणसात. इस्राएलाचा न्यायनिवाडा करणाऱ्या शमुवेलाने तर म्हातारपणी सगळ्या लोकांपुढे उभं राहून विचारलं होतं, मी कोणाचा बैल घेतला, कोणाचं गाढव घेतलं, कोणाच्या हातून लाच घेऊन डोळे झाकले ते सांगा, मी परत देतो. मुदत संपताना असं विचारायची हिंमत असलेला नगरसेवक मला बघायचाय. तोवर विचारायचं काम आपलं. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बजावलं होतं की धर्मात भक्ती मुक्तीचा मार्ग असेल, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. भक्ती कोणाची करायची हे ज्यांचं आधीच ठरलेलं आहे त्या ख्रिस्ती माणसांना तरी हे सोपं जायला हवं होतं. जात नाही. पुढाऱ्याला हार घालताना आमचे हात इतरांइतकेच लगबगीने उठतात.

आमच्याकडे हे सगळं एका भिंतीवर येऊन ठेपलं. दफनभूमीची मागची भिंत पावसात कोसळली. कुत्री आत येतात, संध्याकाळी दिवा नाही, नळाला पाणी नाही. निवडणुकीच्या तोंडावर एका बैठकीत ठराव आला की जो भिंत बांधून देईल त्याला मंडळीची एकगठ्ठा मतं. मी विरोध केला आणि बरंच ऐकून घेतलं. माझं म्हणणं साधं होतं. अंत्यविधीच्या जागांची व्यवस्था हे कायद्यानेच महापालिकेच्या कर्तव्यांत येतं, आपण घरपट्टी भरतो. जे हक्काने मागायचं ते मताच्या बदल्यात विकत का घ्यायचं? आणि विकत घेतलं, तर त्या माणसाने पुढची पाच वर्षं शहराचं काहीही केलं तरी आपल्याला तोंड उघडता येईल का? मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आले, तेव्हा ज्यांच्या भरवशावर सौदे व्हायचे ते नगरसेवकच उरले नाहीत. मग आम्हीही अर्ज लिहिला, फोटो जोडले, विभागीय कार्यालयात पोच घेतली.

संदेष्टा यिर्मया याने बाबेलात कैद करून नेलेल्या आपल्या लोकांना लिहिलं होतं, ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या हितासाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, त्याच्या कल्याणात तुमचं कल्याण आहे. ते शहर तर त्यांच्या शत्रूचं होतं. नाशिक आमचं जन्मगाव. सिंहस्थाचं स्नान आमचं नसेल, पण त्याच्यासाठी होणारे रस्ते, त्याचा खर्च आणि गोदावरीत मिसळणारं सांडपाणी आमचंच आहे. म्हणून नव्या इच्छुकांना द्यायची मागण्यांची यादी करायला बसलो तेव्हा महिला मंडळाने पहिल्या ओळीत नदीत जाणारा नाला लिहिला, दुसऱ्या ओळीत शाळेसमोरचा गतिरोधक, तिसऱ्यात बिगारी नाक्यावर बायकांसाठी स्वच्छतागृह. भिंत गेली सहाव्या ओळीत. खजिनदार काका भडकले, "यात आपलं काय आहे?" अकरावीतली एक मुलगी म्हणाली, "काका, मी त्याच शाळेसमोरून सायकलने जाते." काकांनी यादी दोनदा वाचली, चष्मा पुसला, सही केली. सहीपुढे कंसात मात्र लिहिलंच : "भिंत आधी."